हळदीचा ढोल आणि मान खाली घालून वाजवणारी पोरं

बंगळूरला मी ज्या तळघरात काम करतो, तिथं बँडवाली पोरं सरावाला येतात. वायरी गुंडाळायच्या, चहा आणायचा, पोरं गेली की झाडून घ्यायचं. नववीत शाळा सोडलेल्याला एवढं तरी कोण देतं, म्हणून मी रोज मनातून हात जोडतो. आणि रोज भीतीही वाटते, उद्या काढून टाकलं तर?

त्यातला एक बँड सगळ्यांहून वेगळा. चौघंही मान खाली घालून वाजवतात. नजर पायाशी, जिथं गिटारचा आवाज बदलायच्या डब्या मांडलेल्या असतात. गिटार एकदा छेडली की तिचा आवाज विरतच नाही. फुगतो, पसरतो, खोली भरून टाकतो. ड्रमवाला इतका सावकाश, की एका ठोक्यानंतर दुसरा येतो का नाही याची मलाच काळजी लागते. आणि या सगळ्याच्या तळाशी गाणाऱ्या पोरीचा आवाज. शब्द लागत नाहीत, कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं. माझ्यासोबतचा बिहारी माणूस म्हणतो, "ये लोग बजाते हैं कि सोते हैं?" मला मात्र पहिल्याच दिवशी झाडू हातात धरून रडू आलं. ती हळदीच्या ढोलाची घरघर होती, आणि आत माय बोलत होती.

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ आमचं शेत. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ढोलात घालून मोटारीवर फिरवतात, म्हणजे हळकुंडं घासून चकचकीत होतात. ढोल मायच्या ताब्यात. आधी तो खडखड वाजतो. साल निघत आली की आवाज मऊ पडतो, सळसळतो. तेव्हा ती हात वर करायची आणि वडील, म्हणजे आबा, मोटार बंद करायचे. तोवर त्या घरघरीतच ती माझ्याशी बोलत राहायची. मला अर्धं कळायचं नाही, तरी बरं वाटायचं.

यंदा होळीच्या सुमारास गावी निघालो, तेव्हा बँडमधल्या त्या गाणाऱ्या पोरीनं माझ्या फोनमध्ये त्यांचं एक गाणं टाकून दिलं. "घर पे सुनाना, भैया." तिचे उपकारच.

शेतात पोचलो तर आबांनी मूठभर हळकुंडं पुढं केली. झिजून पार बारीक झालेली, तुटलेली.

"घे, दात कोरायला घेऊन जाय बंगळूरला. तुझ्या मायनं काड्या केल्या पुऱ्या हळदीच्या. हात वरच करत न्हाई की बाई!"

"काहून?"

"काय माहीत. नुसती ढोलाकडं बघून राहिली व्हती."

माय बाजूला उभी राहून हसत होती.

ढोल थांबल्यावर तिला बाजेवर बसवलं, इअरफोन कानांत घातले आणि फोनमध्ये गाणं शोधू लागलो. वर पाहिलं तर ती डोळे मिटून मान डोलवत होती.

"लय चांगलं हाय रे लेकरा. लय गोड."

गाणं मी अजून लावलंच नव्हतं.

मग लावलं. आवाज होता तेवढा वाढवला. तिचा चेहरा तसाच राहिला, तेवढाच खूश.

म्हणजे इतके दिवस फोनवरही हेच चाललं होतं. जेवला का, तब्येत कशी, थंडी हाय का, तिचे प्रश्न ठरलेले, आणि मी काहीही सांगितलं तरी "व्हय, व्हय, बरं." मला वाटायचं, किती समजून घेते.

मी आबांना एकट्याला गाठून सांगितलं आणि परतलो, मग त्यांनी तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. कानाला मशीन दिली, पण फार फरक पडला नाही. ती मशीन काढून फडताळात ठेवते. म्हणते, नुसता गोंगाट होतो. मला कळलंय, हे मी तिला कळू दिलेलं नाही. माझा फोन आल्याची खूण केली की ती अजून धावत येते, असं आबा सांगतात.

परवा खाली तो बँड वाजत होता. मी जिन्यात बसून फोन लावला.

"जेवला का?"

"माय, मला इथं करमत न्हाई. लय भेव वाटतं. तुझ्याशी बोलावं वाटतं."

"व्हय, व्हय. बरं हाय. आमी बी मजेत. थंडी हाय का तिकडं?"

"हाय थोडी," मी म्हटलं.