भुरीच्या मानेवरचे थेंब

देवासमोर उभं राहायची लाज वाटावी, असं माझ्या हातून एकदाच घडलं. तोवर मी देवाशी तोंड वर करून बोलणारी बाई होते. नवस बोलायचे, फेडायचे, हिशेब चुकता करायचे. निर्मळच्या आमच्या देवळात सोमवारी मोगऱ्याची पहिली ओंजळ माझी असायची आणि त्याचा मला गर्वही होता, हे आता कबूल करायला हवं.

ह्यांना अर्धांगवायू झाला त्याला दोन वर्षं होतील. उजवी बाजू गेली, वाचा गेली; समज मात्र शाबूत. नातेवाईक आधी रोज यायचे, मग सणावारी, मग फोनवर. माझं तर विचारूच नका. सकाळी फुलं खुडायची, केळीला पाणी सोडायचं, ह्यांचं सगळं अंथरुणात करायचं, यात माझी जीभ फार धारदार झाली होती. त्या दिवसांत शेजारच्या एकीने घर बदलताना आपले दोन ससे आमच्याकडे आणून सोडले. पांढरा तो पिठ्या आणि राखाडी ती भुरी. मी कुरकुरले. पण भुरीला मांडीवर ठेवली की ह्यांचा डावा हात आपोआप तिच्या पाठीवर फिरायला लागायचा आणि चेहरा सैल व्हायचा. इतक्या महिन्यांत डॉक्टरांना जमलं नव्हतं, ते त्या मुठीएवढ्या जिवाने केलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोघांच्या मानेवर कोंडा धरला. खाजवून खाजवून केस गेले, कातडी लाल झाली. मी पाहिलं आणि म्हटलं, हे तर आपल्या मोगऱ्यावर पडतात तसले कोळी, बारीक किडे. तीस वर्षं फवारणीचा पंप पाठीवर वागवलेली बाई मी, कोणाला कशाला विचारू? वाडी राखणाऱ्या मोत्याच्या मानेवर गोचिडांसाठी सोडायचं औषध कपाटात होतंच. मोठ्या झाडाला पूर्ण मात्रा, रोपाला अर्धी, हा आमचा वाडीतला नियम. त्याप्रमाणे एक नळी दोघांत अर्धी अर्धी केली आणि सकाळी ह्यांच्या खाटेवरच बसून दोघांच्या मानेवर थेंब सोडले.

औषधाचं खोकं ह्यांच्या उशाशी पडलं होतं. हे ‘अं, अं’ करायला लागले, डाव्या हाताने खाट बडवायला लागले. त्यांना पाणी हवं असेल असं मला वाटलं. मी ओरडले, “थांबा हो जरा! दोनच हात आहेत मला.” ते बडवतच राहिले. मी ससे उचलून बाहेर नेले.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पाल्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिठ्याला झटके आले. पाय ताणले, मान मागे गेली, आणि माझ्या हातातच तो थंड झाला. तेव्हा कुठे मी चष्मा लावून ते खोकं वाचलं. कुत्र्याच्या चित्राखाली बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, सशांना वापरू नये.

आमच्या घरात औषधाची बाटली आली की लेबल हे वाचायचे आणि मिसळायचं काम मी करायचे. त्या सकाळीही त्यांनी वाचलं होतं. ते मला सांगत होते. मी त्यांच्यावर ओरडले होते.

पिठ्याला केळीखाली पुरलं आणि ह्यांना काहीच सांगितलं नाही. तोंडच नव्हतं. भुरी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, मधूनच थरथरत होती. तिला फुलांच्या टोपलीत घातलं, ह्यांच्याजवळ पुतण्याला बसवलं आणि रिक्षा करून वसईला जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. वाटेत देवळावरून रिक्षा गेली. एरवी मी हात जोडते. त्या दिवशी खाली बघितलं. काय बोलू? पाच सोमवार करीन म्हणू? ज्याचा जीव घेतला त्याच्या जोडीदारासाठी सौदा करायला माझी जीभच उचलेना. एवढंच मनात आलं, तुझं तू बघ आता, माझ्या हाताने काही नको.

दवाखान्याचं शटर बंद. डॉक्टर संध्याकाळी पाचला येणार होते आणि दुपारचे बारा वाजले होते. मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. साठीच्या बाईने भर रस्त्यात रडू नये, पण रडले.

शेजारी फूटपाथवर एक म्हातारी भाजी घेऊन बसली होती. ती म्हणाली, “काय गो बाय, काय हाय टोपलीन?”

मी फडकं बाजूला केलं. तिने वाकून भुरीच्या मानेवरचे चिकट झालेले केस दोन बोटांत धरले आणि माझ्याकडे बघितलं.

“कुत्र्याचा औषीद लावलास?”

मी मान हलवली.

“आमचे पोरान पन लावलेला. सगले मेले. एक मी धुतला, तो राहिला. धुतलास का याला?”

“सशाला आंघोळ घालू नये म्हणतात ना?”

“मराचा असंल तर मरंल. पन ईख अंगावर ठेवून नको मारू. चल, ऊठ.”

टपरीवाल्याकडून तिने कोमट पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घेतले. डोकं वर धरून फक्त मान आणि पाठ तिने धुतली, पुन्हा धुतली, आणि माझ्या पदरात भुरीला घट्ट गुंडाळून दिली. मग म्हणाली, “डाक्टर मागल्या जिन्याने वर ऱ्हातो. माझे बकऱ्या बगतो. बेल वाजव. जूचंद्र गावच्या म्हातारीने पाठवली सांग.”

बोलता बोलता कळलं की तिची बसायची जागा स्टेशनजवळ. तिथून त्या सकाळी सगळ्यांना उठवलं म्हणून ती पहिल्यांदाच इथे येऊन टेकली होती. आणि ससे? “खायाला पालायचो,” ती सहज म्हणाली. मी जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. एरवी असं ऐकून नाक मुरडलं असतं. त्या दिवशी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती संकोचली, “जा गो, येल नको घालवू.”

डॉक्टर जेवणावरून उठून खाली आले. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन टोचलं, भुरीला ठेवून घेतलं. धुतलंत ते बरं केलंत, पण खात्री देत नाही, म्हणाले. दोन दिवस मी देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं ठरवलं तरी शब्द यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने कोथिंबिरीची काडी खाल्ली.

तिला घेऊन घरी आले आणि ह्यांच्या खाटेशी खाली बसून सगळं सांगितलं. पिठ्याला मी मारलं, तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

भुरी जगली यात माझी काही पुण्याई नाही. नवस नव्हता, फुलं नव्हती, हात जोडलेले नव्हते. ज्या देवाला माझ्याकडून काही नको होतं त्याने एका भाजीवालीला दवाखान्याच्या दारात आणून बसवलं, आणि तेसुद्धा माझ्यासाठी नव्हे, ह्यांच्यासाठी, असं मला वाटतं. मला फक्त टोपली उचलून न्यायला लावलं. आता देवळात जाते, बसते आणि काही न बोलता परत येते. त्याचे उपकार बोलून फिटणारे नाहीत.

ह्यांनी मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. विचारलं तर ते मान हलवतील, कारण त्यांना माझ्यावाचून इलाज नाही. म्हणून मी विचारत नाही. रोज संध्याकाळी भुरीला त्यांच्या मांडीवर ठेवते, त्यांचा हात तिच्या पाठीवर जाताना बघते आणि बाजूला होते.