आठ नंबरचे बूट

आमची चौकी बर्फाच्या पट्ट्यात होती. मी हवालदार, कंपनीच्या क्लोदिंग स्टोअरचा इनचार्ज. वडील कोपरगावात शिक्षक होते आणि माझ्या पिशवीत नेहमी एखादे पुस्तक असे, म्हणून लान्स नाईक अंकुश मला मास्तर म्हणे. तो पाथर्डीकडचा. त्याचे वडील, ज्यांना तो दादा म्हणे, दर हंगामात ऊसतोडीला आमच्याच बाजूला येत.

स्टोअरचे नियम साधे होते. कपडा सैल हवा, म्हणजे आत हवेचा थर राहतो. बाहेरच्या कामात अंगालगत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवते आणि थांबलो की गारठवते. बूट संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, जाड मोजे घालून बघायचा. टाचेमागे एक बोट जायला हवे. नवा बूट आठवडाभर चौकीत वापरल्याशिवाय पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, घालायचा नाही. आजही शेतावरच्या, साइटवरच्या कामासाठी लोक मला विचारतात. मी हेच सांगतो. अंकुशचे सांगत नाही.

हंगामाआधी बुटांचा इश्यू आला. अंकुशने आठ नंबर मागितला. रजिस्टरमध्ये त्याचा नंबर नऊ होता.

"पाय आटले का रे?"

"थंडीनं आटले, मास्तर."

"खरं सांग."

त्याने खिशातून सुतळीचा तुकडा काढला. दोन्ही टोकांना गाठी. "आमच्या दादांच्या पायाचं माप हाय. उसाची बुडखी लई लागत्यात. चपलेतून आरपार जात्यात."

"आणि तू?"

"जुने चालत्यात की. फुडच्या खेपेला नऊचे द्या."

पुढची खेप आता हिवाळा सरून गाड्यांचा रस्ता खुला झाल्यावरच येणार होती. मला ते माहीत होते. मी सही घेतली. सुट्टीवर जाताना बूट मीच नेले आणि तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, कोप्यांपाशी, दादांच्या हातात दिले. "अंकुशने पाठवलेत," एवढेच बोललो.

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात पेट्रोल निघाले. ०५४० वाजता किट तपासणी. मी प्रत्येकाचा सोल अंगठ्याने चाचपत होतो. अंकुशचा डावा सोल टाचेपाशी गुळगुळीत लागला.

"हा चालणार नाही."

"मास्तर, तुमी लई पुस्तकं वाचता." मागचे दोघे हसले.

पेट्रोल कमांडर घड्याळ बघत होते. "स्टोअर, ओके?"

"ओके, सर."

०९१५ ला वायरलेस सेट बोलला. "नाल्याच्या चढावर वन मॅन डाऊन. पाय घसरला. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव आले. ११३० ला त्याचा देह खाली आणला. पायातले बूट मी काढले.

रिटायर झाल्यापासून दर हंगामात मी कोप्यांवर जातो. चहा घेतो, उठतो, पुन्हा बसतो आणि परत येतो. यंदाही दादांच्या पायात चप्पल होती. घोट्याला चिंधी.

"दादा, बूट कुठं आहेत?"

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कापडाची गुंडाळी काढली. बूट कोरे होते. "दर साली संगं आनतो. लेकाचं हाय. म्या कसं घालू?"

मी त्यांच्यासमोर भुईवर बसलो. "हे त्याचे नाहीत. त्याचा नंबर नऊ. हे आठ. तुमचं माप दाखवून त्याने मागून घेतले. स्वतः जुनेच घालून गेला. सोल झिजला होता. मी बघितला होता, तरी जाऊ दिलं."

दादांनी कोयता बाजूला ठेवला आणि पाय पुढे केला.

मी माझे मोजे काढून त्यांना चढवले, वर बूट घातले. टाचेमागे बोट घालून पाहिले. लेस बांधली.

ते उठून फडात शिरले. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरून दहा-बारा पावले गेले आणि थांबले.

"अंकुस," खाली बघत ते म्हणाले, "लागत न्हाई रं आता."