भाऊजींची धाप

घरी भजन रेकॉर्ड करायला भाऊजींनी बाजारातला सगळ्यात स्वस्त कॉम्प्रेसर आणला. मोठा आवाज दाबून लहान आवाज वर आणणारा डबा. "वहिनी, आता तुम्हीही ऐकू याल," म्हणाले, जसे काही उपकारच. मला माझा आवाज एकदा तरी ऐकायचा होता. पण माइक एकच. त्याला तोंड लावून ते असे ओरडले की डब्याने त्यांच्याबरोबर मलाही दाबलं. वर म्हणतात, "डबाच भिकार. महागातला आणू." दोन हात मागे सरून गायले असते तर डबा लागलाच नसता, पण या घरात मागे सरायचं ते बायकांनीच. रेकॉर्डिंगमध्ये माझी ओळ एकाच जागी स्वच्छ ऐकू येते, भाऊजींना धाप लागते तिथे. स्वस्त डब्याला तेवढी तरी अक्कल आहे.