थंड इंजिनाचं दुखणं

परंड्याच्या बसस्थानकामागच्या त्या मेस्त्रीचं नाव विचारायचं राहिलं, याची अजून चुटपुट लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला सोलापूरला डॉक्टरकडं न्यायचं होतं. सकाळी उठताच तिला दम लागायचा. आणि माझी जुनी गाडी थंड असली की थरथरून बंद पडायची. थंड गाडी सुरू करण्यात मेस्त्रीचा वेळ जाऊ नये म्हणून मी ती चांगली गरम करूनच नेली.

"ताप उतरवून दवाखान्यात आलाव व्हय, सर?" तो हसला. "बसा आता. थंड झाल्याबिगर दुखणं दिसायचं न्हाय."

दोन तास मी घड्याळ बघत येरझाऱ्या घातल्या. तो मात्र अधूनमधून इंजिनाला उलटा हात लावून बघायचा, आई कपाळाला लावते तसा. शेवटी त्यानं गाडी सुरू केली, थरथरत्या इंजिनावरची एक रबरी नळी चिमटीत दाबली आणि थरथर थांबली.

"गारठ्यात ही चीर उघडती, गरम झाली की मिटती." त्यानं नळी बदलून दिली.

पहाटे गाडी पहिल्याच चावीला शांतपणे सुरू झाली. आई मात्र दारातच थांबली.

"आता बरं वाटतंय रं मला. कशाला जायचं?"

मी गाडीचं दार उघडून धरलं. "बस आई. उठल्या उठल्या कसं होतं, ते डॉक्टरला सांगायचं."