चूल न पेटलेला शनिवार

शनिवारी पहाटे स्वप्नाली गजर व्हायच्या आधीच उठली. आज ऋता येणार होती.

ऋता मुंबईतल्या एका बड्या कंपनीच्या लोकांसाठी सहली ठरवायची. वर्षभर दर शनिवारी तिला एक टोळी कुठेतरी धाडायची होती. कर्जतकडचं एक रिसॉर्ट तिने जवळजवळ पक्कं केलं होतं, तेवढ्यात कुणीतरी तिच्या कानावर ‘डोंगरचूल’ हे नाव घातलं आणि ती म्हणाली, बघते एकदा. एकदाच. आवडलं तर सगळे शनिवार स्वप्नालीचे. नाही आवडलं, तर सोमवारपासून स्वप्नालीने पुन्हा कुरियरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारायचे. आईला, द्रौपदीबाईंना, तसा शब्दच देऊन बसली होती ती.

‘डोंगरचूल’ म्हणजे स्वप्नाली शिवराम गांगुर्डे, तिचा मावसभाऊ आकाश, चार दोर, आणि उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून आणलेल्या डागी कापडाच्या तिने स्वतः शिवलेल्या पाठपिशव्या. विठ्ठलवाडीच्या चाळीच्या गच्चीवरून मलंगगडाकडची रांग दिसायची, पाठ फिरवून बसलेल्या माणसांसारखी. पाठीच बघत लहानपण गेलं. एकदा तरी यांची तोंडं बघू, म्हणून ती कॉलेजात असताना गेली, आणि मग घरी परतली ती फक्त झोपायला. पुढे दोर शिकली, उतरणं शिकली, लोकांना उतरवणं शिकली. पण तिची खरी अक्कल वेगळी होती. डोंगर चढून आलेल्या माणसाला हॉटेलात नेऊन बसवायचं नाही, हा तिचा नियम. तो कुणाच्या तरी घरात जेवला पाहिजे. निघताना सिंध्याच्या घरची न्याहारी, दुपारी वाडीतली भाकरी. २००६ साली तिने हे सुरू केलं तेव्हा सगळे हसले होते. दोन वर्षं झाली. अजून थोडे हसत होते.

“हे घे,” शिवरामअण्णांनी दारातच तिच्या हातात मेणाने माखलेली पुडी ठेवली. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. कारखाना सुटला, काडी सुटली नाही. “दोन पेट्या मेणात बुडवल्यात. समुद्रात टाकलीस तरी पेटतील.”

“अण्णा, वाडीतल्या भिमाबाईकडे चूल पेटलेलीच असते.”

“पेटलेली चूल विझते. कोरडी काडी दगा देत नाही. घे.”

तिने घेतली.

ऋता बरोबर वेळेवर गाडीतून उतरली. बारीक, तरतरीत, हातात ‘डोंगरचूल’चं पत्रक. मागे तिची चौदा माणसं, जांभया देत. स्वप्नाली त्यांना गल्लीबोळांतून उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या लाजवंती आंटीच्या घरी घेऊन निघाली. चालता चालता बोलत होती, हात हलवत होती, मध्येच उलटी चालत होती. पत्रकावर तिने पहिल्या ओळीतच छापलं होतं : सिंधी घरातलं गरमागरम दाल-पकवान, डाळ आणि तळलेली खुसखुशीत पुरी.

आंटीच्या दाराशी मात्र तिच्या नाकाला काहीतरी खटकलं. तेलाचा वास नव्हता.

“आओ सांईं, आओ! चप्पल उधर. बैठो, बैठो.” आंटी नवा दुपट्टा घेऊन, अंगावर सोन्याच्या दोन बांगड्या जास्त घालून उभी होती. स्वप्नाली थेट स्वयंपाकघरात घुसली. शेगडी पुसून लख्ख. बर्नरवर कुंकू, एक फूल, आणि शिंपडलेल्या पाण्याचे थेंब.

“आंटी... पकवान?”

“पकवान? आज?” आंटीने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. “पागल हुई है क्या? आज थदडी है. कल गोकुळाष्टमी, आज थदडी. आज चूल्हा सोता है, शीतला माता का दिन. सब कल रात को बना के रखा.”

“पण मी विचारलं होतं ना, शनिवारी आणू का लोक?”

“तो? मैं तो पूरी गली में बोल के आई, देखो, शिवराम की लडकी थदडी के दिन मेहमान लाती है, कितनी समझदार!”

स्वप्नालीने ओट्यावरच्या डब्याचं झाकण उचललं. दरवर्षी श्रावणात या घरातून त्यांच्या चाळीत एक स्टीलचा डबा यायचा. त्यात जाडजूड, गोड, वेलचीची पोळी. गांगुर्ड्यांच्या घरी तिला ‘आंटीचं बिस्कीट’ म्हणत. डबा रिकामा व्हायचा, आई त्यात साखर घालून परत पाठवायची. तीस वर्षं ती हे खात आली होती. कुठल्या दिवशी येतं, का येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेजाऱ्याच्या डब्याला कोण तारीख विचारतं?

बाहेर ऋताने पत्रकावर बोट ठेवलं. “इथे गरमागरम लिहिलंय.”

खोटं बोलायला स्वप्नालीकडे तीन कारणं तयार होती. गॅस संपला, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. तिने ते गिळलं.

“माझी चूक झाली. आज यांच्याकडे चूल पेटवत नाहीत. मी इथेच वाढले आणि मला माहीत नव्हतं.”

ऋताने पत्रक घडी घालून पिशवीत टाकलं. “दुपारचं तरी गरम आहे ना?”

“गरम. तव्यावरची भाकरी. शब्द देते.”

आंटीने लोलो मांडले, म्हणजे तीच गोड जाड पोळी, सोबत दही, तळून गार केलेली कारली, आणि खसखस-बदामाची गारेगार थादल. लोकांनी सभ्यपणे थोडं थोडं घेतलं. त्यांच्यातला एक सदू, गोल पोटाचा, तोंडाचा फाटका, म्हणाला, “म्हणजे रात्रीचं शिळं की हो!”

आंटीला मराठी सगळं कळायचं. “शिळा वो, जो बच गया,” ती म्हणाली. “ये बचा नहीं है. ये आज के लिए बनाया है. खा.”

सदूने खाल्लं, पण अर्धंच.

निघताना आंटीने उरलेले सगळे लोलो एका जुन्या साडीच्या फडक्यात बांधून स्वप्नालीच्या पिशवीत कोंबले. “रास्ते में.” स्वप्नालीला ते गाठोडं कुणी बघू नये असं वाटलं. तिने पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

कात्रपच्या नाक्यावर आकाश दोर घेऊन गाडीत चढला आणि हवा पालटली. बदलापूर मागे पडलं, भातखाचरं सुरू झाली, आणि समोर चंदेरीचा सुळका ढगात डोकं खुपसून बसलेला. गाडीत कुणीतरी शिट्टी मारली. पायवाट सुरू झाली तसे जांभया देणारे पळायला लागले.

धबधब्याच्या माथ्यावर आकाशने दोर बांधले. पाणी खाली असं कोसळत होतं की बोलायचं तर ओरडायलाच हवं. पहिला नंबर सदूचा. “माझं वजन धरेल ना रे हा दोर?”

“दादा, दोराचं टेन्शन घेऊ नका. डोंगराला विचारा!”

तो खाली गेला, देवांची नावं घेत गेला, आणि खाली पोचून नाचायला लागला. मग एकामागून एक. स्वप्नाली प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघत होती. ओल्या खडकाचा वास, दोराची करकर, खालून येणाऱ्या आरोळ्या. ती सकाळ विसरली. दरीच्या कडेला उभी असली की तिला नेहमी वाटायचं, आपण कुणाच्या तरी उघड्या तोंडात उभे आहोत आणि ते तोंड हसतंय.

ऋता सगळ्यात शेवटी. कडेला येऊन थबकली.

“मागे टेका. खुर्चीत बसल्यासारखं.”

“खुर्ची कुठाय?”

“तुम्हीच खुर्ची. बसा!”

ऋता बसली. पाणी तिच्या डोक्यावर आदळलं, ती दिसेनाशी झाली, आणि त्या पांढऱ्या पडद्यातून एक लांबलचक किंकाळी आली, जिचं मध्येच हसू झालं. तिच्यामागून स्वप्नाली खाली पोचली तेव्हा ऋताला बोलणं थांबवता येत नव्हतं. “पुन्हा जाऊ? पुन्हा जाता येईल?”

“आधी जेवण,” स्वप्नाली म्हणाली. तिने ओला दोर खांद्यावर टाकला आणि वाडीची वाट धरली.

ठाकूरवाडीत भिमाबाईचं घर ओहोळाच्या अलीकडे, गाडीरस्ता पलीकडे. ती अंगणातच उभी होती, लुगडं खोचून, हातात कौलाचा तुकडा.

“बाय, काय सांगू तुला. राती वारा सुटला, चुलीवरची कौलां उडाली. लाकडां वली, गवऱ्या वल्या. चुलीत पानी भरलंय बघ.”

स्वप्नाली वाकून बघत राहिली. चुलीत खरंच पाणी होतं, आणि त्यात वरच्या आभाळाचा एक तुकडा.

“थांबा. माझ्याकडे काड्या आहेत!” तिने मेणाची पुडी फोडली. अण्णांची काडी पहिल्याच फटक्याला फर्रकन पेटली. दुसरी पेटली. तिसरीही. लाकडांनी नुसता धूर ओकला. आकाशने फुंकर मारून मारून डोळे लाल केले. सदू म्हणाला, “काड्या एक नंबर आहेत हां!” आणि लोक हसले, पण ते हसू उपाशी माणसांचं होतं, त्यात दात जास्त होते.

“शेजारून कोरडी लाकडं आण की,” स्वप्नाली भिमाबाईला म्हणाली.

“घरां चारच. सगळी दहीहंडीच्या तयारीला खाली गेल्यात. कुलपां हायेत.”

“मग खाली बदलापुरात जाऊन जेवू,” ऋता म्हणाली. आवाज शांत होता. शांत आवाजाचीच स्वप्नालीला भीती वाटली.

आकाश ओहोळ बघून आला. मान हलवली. “वरून पाणी आलंय. आत्ता कुणालाही उतरवणार नाही मी. ओसरलं की जाऊ. दोनेक तास.”

ओले कपडे अंगाला चिकटले होते. ऋता ओट्यावर बसली, पत्रक पिशवीतून काढलं, ते भिजून लगदा झालं होतं. तिने ते बोटांनी हळूहळू उलगडलं. स्वप्नालीच्या डोळ्यांपुढे कुरियरचं ऑफिस आलं, त्यातला ट्यूबलाइट, त्याची गुणगुण.

तिला गाठोडं आठवलं. सकाळी नाक मुरडलेलं तेच पुन्हा समोर ठेवायचं? आणि तेही शब्द देऊन झाल्यावर? पण भूक खरी होती, आणि आकाशच्या पोटातून आवाज येत होता.

पिशवीच्या आतल्या प्लॅस्टिकमधून गाठोडं काढून तिने फडकं सोडलं. लोलो तसेच, खणखणीत. कडासुद्धा मऊ पडलेल्या नव्हत्या.

“गरम नाही,” ती सगळ्यांना म्हणाली. “शब्द मोडला. हेच आहे.”

भिमाबाई ते बघून परसात गेली. ओचा भरून काकड्या घेऊन आली. पाट्यावर हिरवी मिरची, लसूण, मीठ रगडलं. गोड लोलोवर तिने तो ठेचा बोटाने फासला आणि पहिला तुकडा सदूच्याच हातात दिला.

सदूने चावलं. मग थांबला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं.

“काय रे?” कुणीतरी विचारलं. “शिळं आहे?”

“गप रे,” सदू म्हणाला. “अजून द्या.”

मग हात पुढे यायला लागले. काकडी कडाकड मोडत होती, मिरची जिभेवर पेटत होती, वरून गोड, मध्येच वेलची. लोक उभ्याउभ्या खात होते, एकमेकांच्या हातातलं ओढत होते. स्वप्नालीने तुकडा तोंडात टाकला, आणि एवढी वर्षं खाल्लेलं आंटीचं बिस्कीट तिला पहिल्यांदा जिभेला लागलं.

“कंची भाकर ही?” भिमाबाईने विचारलं.

स्वप्नालीने सांगितलं. सिंध्यांच्या घरी आज चूल झोपते. पुसायची, कुंकू लावायचं, फूल ठेवायचं, वर थंड पाणी शिंपडायचं. आज पेटवायची नाही.

भिमाबाईने आपल्या पाण्याने भरलेल्या चुलीकडे बघितलं. “मंग आज माजीबी निजली,” ती म्हणाली. बांधावरचं तेरड्याचं एक गुलाबी फूल खुडलं आणि चुलीच्या कडेवर ठेवलं. लगेच वळून म्हणाली, “काकडी संपली का? आनू का?”

ऋताचा हात लोलोपाशीच थांबला होता. ती त्या फुलाकडे बघत होती.

ओहोळ ओसरला. आकाशने एकेकाला दोराला धरून पार केलं. गाडीत बसल्यावर सगळे झोपले, फक्त ऋता आणि स्वप्नाली जाग्या.

“पुढच्या शनिवारी हेच देणार?”

“नाही. पुढच्या शनिवारी आंटीकडे पकवान. हे वर्षातून एकदाच.”

“मग पत्रकात काय छापायचं?”

“काहीच नका छापू. मी शुक्रवारी घरं फिरून येते आणि तुम्हाला फोन करून सांगते, कुणाकडे काय आहे.”

“ऑफिसात काय सांगू मी? जेवणात काय, माहीत नाही?”

“सांगा की.”

ऋता हसायला लागली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, “वर्षभराचं आत्ता बोलत नाही. दिवाळीपर्यंतचे शनिवार तुझे. आणि भिमाबाईचं छप्पर आधी नीट कर.”

स्वप्नालीला गाडी थांबवून खाली उतरून पळावंसं वाटलं. ती फक्त “हो” म्हणाली, आणि आकाशच्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की तो ओरडतच जागा झाला.

घरी अण्णा दारातच. “काडी पेटली?”

“पेटली. लाकूड नाही पेटलं.”

“काडी पेटली ना?” अण्णांनी समाधानाने मान डोलावली. “मग झालं.” दिवाळीपर्यंतच्या शनिवारांचं तिला त्यांना दोनदा सांगावं लागलं. आईला एकदाच, आणि आईने कुरियरवाल्याचं कार्ड फडताळातून काढून केरात टाकलं.

अंधार पडायच्या आत स्वप्नाली धुतलेलं फडकं आणि त्यात साखरेची पुडी घेऊन आंटीकडे गेली. स्वयंपाकघरात शेगडी तशीच, फूल थोडं सुकलेलं.

“आंटी, वर्षात अजून कुठले कुठले दिवस असतात तुमचे?”

“अब पूछती है?” आंटीने डोळे मोठे केले. “तीस साल खा के?” आणि बोटं मोजत सांगायला बसली. चेटीचंड, चालीहो, टिजडी. स्वप्नाली मध्येच विचारत होती, त्या दिवशी काय शिजतं, काय नाही शिजत, बाहेरचे लोक चालतील का. आंटी सांगत राहिली, तिची बोटं संपली तशी स्वप्नालीची धरून मोजत राहिली.

स्वप्नाली उठायला लागली तशी आंटी म्हणाली, “सुबह जल्दी आ. चूल्हा जगाना है. और सुन, तेरे बाप की माचिस लेके आ.”