पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं

सांगते तुम्हाला, माझा मुलगा पोलिस होता आणि राखण करायचा सैनिकांच्या तळाची. हे ऐकून इथे इंग्लंडात आमच्या रीडिंग गावच्या मराठी मंडळातल्या बायका हसायच्या. सायप्रस बेटावर ब्रिटिश लष्कराचे तळ आहेत ना, तिथे गेटवर आणि रस्त्यांवर असे साधे पोलिसही असतात. चोरी झाली, मोटार धडकली, कुणाच्या शेळ्या कुंपणातून आत शिरल्या, सगळं त्यांच्याकडे. फोनवर सांगायचा, "आई, आज मी अकरा शेळ्या अरेस्ट केला." इथेच जन्मलेला, त्याची मराठी अशीच.

ह्यांना ती नोकरी कधी पटली नाही. स्वतः इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मुलानेही तेच व्हावं अशी इच्छा. "एवढं शिकवलं ते गेटवर उभं राहायला?" असं त्याच्या तोंडावर म्हणाले होते. लोकांनी चौकशी केली की "सरकारी नोकरीत आहे" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

हे गेले सोमवारी सकाळी, चहा पिता पिता. इथे स्मशानाची वेळ मिळायला दोन-दोन आठवडे लागतात. कुणाची तरी रद्द झाली म्हणून आम्हाला त्याच आठवड्यातला गुरुवार मिळाला.

मंगळवारी मुलाच्या सार्जंटचा फोन आला. तळाच्या गेटवर त्या आठवड्यात निदर्शनं चालली होती, सगळ्यांच्या रजा थांबवलेल्या. तरी माणूस भला. म्हणाला, "मॅडम, आज दुपारच्या विमानाने पाठवू का त्याला? की शनिवारपर्यंत चालेल? माणसं कमी आहेत, पण तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "नको नको, त्याचं काम होऊ दे. आम्ही बघतो इथलं."

आता मला सांगा, आपल्यात पहिल्याच फटक्यात कुणी हो म्हणतं का? साधा चहा विचारला तरी आपण आधी नकोच म्हणतो. मग समोरचा म्हणतो, असं कसं, घ्याच थोडा. मग आपण घेतो. तीस वर्षं इंग्लंडात काढून मला एवढं कळायला हवं होतं. रिसीव्हर कानाला धरून मी त्याच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिले. तो म्हणाला, "तुमचे फार आभार," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, सार्जंट म्हणाले तुला चालेल."

"हो रे. गुरुवारी आहे. बघ तुला जमेल तसं."

तो म्हणाला, "बाबांना तसंही मी..." आणि पुढचं सोडूनच दिलं. "ओके आई. शनिवारी येतो."

परत फोन करता आला असता की. नंबर फ्रिजवरच चिकटवलेला. बुधवारी दिवसभर मी त्याच फ्रिजमधून दूध काढत होते, परत ठेवत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहा चालले होते. नंबर दिसायचा, हात काही फोनकडे जायचा नाही.

गुरुवारी स्मशानातल्या माणसाने हळूच विचारलं, "बटण मुलगा दाबणार ना?" अग्नी द्यायचा तो इथे बटण दाबून. मागे मंडळातली माणसं उभी होती, कुणी माझ्याकडे बघेना. "मीच," म्हटलं. बटण गार होतं. पेटी पडद्यामागे सरकली. मला काहीच वाटलं नाही. कोट कुठल्या खुर्चीवर ठेवला, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

शनिवारी तो आला. बॅग दारातच ठेवून स्वयंपाकघरात बसला. मी कुकर लावला होता.

"मला वाटलं, तुम्हाला मी तिथे नको आहे," तो म्हणाला. "बाबांच्या फ्रेंड्ससमोर."

"मला वाटलं, ते परत विचारतील," मी म्हटलं.

"कोण?"

"तुझे सार्जंट. आणि तू."

त्याला समजलं की नाही, देव जाणे. समजावून सांगायचं त्राण नव्हतं मला. ह्यांचा चष्मा अजून ओट्यावरच होता, तो त्याने उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"अजून एक आठवडा थांबू? रजा मागतो. तू सांग."

तोंडात ‘नको’ आलंच होतं बघा. ‘तुझी ड्युटी असेल’ हेसुद्धा तयार होतं.

"थांब," म्हटलं.

तो उठून फोनकडे गेला. मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. तो नंबर फिरवत होता, मी गॅस बारीक केला.