नऊ लाख जास्तीचे

देविदास गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला तेव्हा मी एका आजीबाईंच्या डोळ्याची पट्टी सोडत होते. "काकू, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी पट्टी सोडली, दिसतंय का विचारलं, औषधं लिहून दिली आणि मग केबिनचं दार लावून घेतलं. त्याच दुपारी नागपूरच्या शोरूममधून मेसेज आला, मॅडम, गाडीचं काय ठरलं? काय ठरवायचं ते सांगणारा माणूसच उरला नाही, असं मला त्या वेळी वाटलं.

आम्ही नेरच्या शाळेत एका वर्गात होतो. माझे वडील एसटीत कंडक्टर, त्याचे तांड्यावर शेती करणारे. सातवीत असताना कापूस बाजाराजवळ एक लाल, बुटकी स्पोर्ट्स कार पंक्चर होऊन थांबली आणि अख्खं गाव गोळा झालं. मालकाने देविदासला बॉनेट उघडून दाखवलं. मी सीटवर बसू का विचारलं तर म्हणाला, सीट खराब होईल. त्या दिवसापासून मला तशी गाडी हवी आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे सांगितलं की लोक हसतात, हसू देत. देविदास मात्र कधी हसला नाही.

तो राजूरकडे कोळशाच्या ट्रकांखाली झोपून काम शिकला आणि मग यवतमाळात गॅरेज टाकलं. ओळखीतलं कोणीही त्याला विचारल्याशिवाय गाडी घेत नसे. त्याचा आजा बैलांचा पारखी. बैल धावताना काय पाहायचा, पहाटे बसलेला असताना जावं आणि उठतो कसा ते पाहावं, ही आज्याची रीत देविदासने गाड्यांना लावली. गाडी रात्रभर थंड उभी असलेली पाहिजे आणि पहिली किल्ली त्यानेच फिरवायची. इंजिन उठताना कण्हलं की तो खाली उतरून चहा मागवायचा. गिऱ्हाइकाने काय ते समजून घ्यावं.

यंदा मला हव्या असलेल्या गाडीचं नवं मॉडेल आलं. गेल्या वर्षीचं अजून शोरूममध्ये शिल्लक होतं आणि नवं त्याहून नऊ लाखांनी महाग. दिवे वेगळे, समोरचा पडदा मोठा, इंजिन म्हणे जास्त दमदार. माझा मुलगा पुण्याहून म्हणाला, जुनं घे आई, दिव्यांचे काय नऊ लाख द्यायचे? मी देविदासला विचारलं. तेव्हा त्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, म्हणून फोटो पाहूनच सांग म्हटलं, तर चिडला. "फोटोतला बैल कधी लंगडते का?"

सोमवारी आम्ही नागपूर गाठलं. सेल्समनने कौतुकाने गाडी दारात आणून, चालू करून ठेवली होती. देविदासने बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "हिले उठवून ठेवलं यानं. चाल घरी." मी तब्येतीचं सांगितलं, अंतराचं सांगितलं... ऐकेल तर तो देविदास कसला. मंगळवारी डायलिसिस झालं आणि बुधवारी पहाटे साडेचारला तो स्वेटर घालून गॅरेजसमोर हजर. मी डॉक्टर असून त्याला नेलं. त्याचा सल मला आहे आणि राहील.

कोणी आधी किल्ली फिरवू नये म्हणून शोरूम उघडायच्या तासभर आधीच आम्ही फाटकाशी जाऊन बसलो. या वेळी गाडी त्याने चालू केली, डोळे मिटून ऐकली. मग मला चालवायला लावली, आधी नवं मॉडेल, मग जुनं, रस्ता तोच. "खड्ड्यात घाल," म्हणाला. मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलेला सेल्समन देवाचं नाव घेत होता. परत आल्यावर देविदास शोरूमच्या सोफ्यावर टेकला. चेहरा पार उतरला होता. मॅडम, कशी वाटली, असं विचारत सेल्समन समोरच उभा. तेवढ्यात देविदासने खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला, खालून माझी पाचही बोटं मुठीत घेतली आणि घट्ट दाबली. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याने माझा हात कधी धरला नव्हता. मला वाटलं, हा निरोप घेतोय... माझे डोळे भरून आले. तो मात्र वैतागून माझ्याकडे पाहत होता. "समजलं ना तुले?" मी समजलं म्हणाले. परतीच्या वाटेवर त्याला झोप लागली. गाडीबद्दल विचारायचं राहूनच गेलं, अशा निरोपानंतर कुठे नऊ लाखांचं विचारायचं? अकरा दिवसांनी तो गेला.

महिन्याभराने मी तांड्यावर गेले. त्याचे थोरले भाऊ, थावरूभाऊ, अजून बैलबाजारात दलाली करतात. त्यांना मी हा निरोप सांगितला. ऐकता ऐकता ते हसायलाच लागले आणि मग त्यांनी डोळे पुसले. "डाक्टरबाई, तो निरोप नव्हता. भाव होता." बैलबाजारात दलाल आकडा बोलत नाहीत. कापडाखाली जितकी बोटं धरली तितका भाव, शेजारच्याला पत्ता लागत नाही. हे मी ऐकून होते, पण त्या कापडाखाली बाईचा हात कधी जात नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. थावरूभाऊंनी विचारलं, किती बोटं धरली? सगळी, मी म्हटलं. "मंग पाच. नऊ कायले देतं, पाच दे, असं सांगून राह्यला होता तो तुमाले."

म्हणजे महिनाभर मी एका भावावर रडत होते. हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. मरायला टेकलेला माणूस म्हणून मी त्याला हळवा करून टाकला होता. तो हळवा नव्हता, त्याला हातातलं काम पुरं करायचं होतं. इंजिनाचे पाच त्याने मान्य केले होते, दिव्यांचे आणि पडद्याचे चार कापले होते.

दुसऱ्याच दिवशी मी शोरूमला कळवलं, नवं घेते, पण जुन्याच्या किमतीवर पाचच लाख. मॅनेजर म्हणाला, मॅडम, ही भाजी नाही. आठवड्याने तोच आठवर आला, मग सातवर. पाच कुठून काढले, कोणी एक्स्पर्ट आहे का, असंही त्याने विचारलं. आहे, मी सांगितलं. परवा तो सहावर आला. मुलगा म्हणतो, आई, एका लाखासाठी अडून बसू नकोस, तुला परवडतं. परवडतं, हे खरं. गाडी हवी आहे, हेही खरं, किती हवी ते माझं मला ठाऊक. पण कापडाखाली धरलेला भाव वाढवायचा तर तो त्याच दोघांनी पुन्हा हात धरून वाढवायचा असतो. आमच्या दोघांतला एक आता यायचा नाही. मी मॅनेजरला पुन्हा पाचच सांगितलं.